शिक्षेआधीच मृत्यू: अमेरिकेच्या कोठड्यांत माणसं का मरतात

२०१९ साली अमेरिकेत २२ कैद्यांचा देहदंड अमलात आला. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे वर्षानुवर्षांची अपिलं होती, वकिलांची धावपळ होती, वर्तमानपत्रांतल्या बातम्या होत्या. त्याच वर्षी त्याच देशातल्या स्थानिक तुरुंगांमध्ये १,२०० जण मेले. त्यांतल्या चारांपैकी तिघांवरचा आरोप अजून शाबितच झालेला नव्हता. ज्या प्रकरणात त्यांना आत टाकलं होतं, त्यात देहदंड सोडाच, एका दिवसाच्या कैदेची शिक्षाही त्यांना कुणी सुनावली नव्हती.

अमेरिकेची न्यायव्यवस्था कठोर आहे, असं म्हटलं की आपल्याला विजेची खुर्ची आणि विषाचं इंजेक्शन आठवतं. माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं जिथे चिरडली जातात ती जागा वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ती जागा म्हणजे अटक आणि निकाल यांच्यामधला काळ.

तिथे बंदिवासाच्या दोन यंत्रणा आहेत. ‘प्रिझन’ राज्य सरकार किंवा केंद्र सरकार चालवतं आणि तिथे मुख्यतः शिक्षा झालेले कैदी असतात. ‘जेल’ असतं काउंटीचं, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवरचं. अटक झालेला माणूस आधी तिथे जातो. जामिनाची वाट पाहणारे, तारखेची वाट पाहणारे आणि छोट्या शिक्षा भोगणारे असे सगळे तिथेच. देशभरात अशी तीन हजारांच्या आसपास जेलं आहेत. कुठल्याही एका दिवशी त्यांत साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात आणि त्यांतली दहापैकी सात कच्चे कैदी असतात. लोकसंख्येत कृष्णवर्णीय आहेत शंभरात चौदाच्या आसपास. जेलमध्ये ते एक तृतीयांश भरतात.

ही जेलं बहुतेक ठिकाणी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतात आणि शेरीफ मतदानाने निवडून येतो. बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकीलही निवडून येतो. ‘यांनी गुन्हेगाराला मोकळं सोडलं’ हा आरोप निवडणुकीत दोघांनाही महागात पडतो. ‘यांच्या कोठडीत एक आजारी माणूस मेला’ हा आरोप क्वचितच महागात पडतो. हा हिशोब ध्यानात ठेवला की पुढचं बरंच काही उलगडतं.

खणात राहिलेला आदेश

व्हर्जिनिया राज्यातला जामायकल मिचेल २४ वर्षांचा होता आणि त्याला गंभीर मानसिक आजार होता. एप्रिल २०१५ मध्ये त्याने एका दुकानातून थंड पेयाची बाटली, एक चॉकलेट आणि एक छोटा केक उचलला. सगळ्याची मिळून किंमत पाच डॉलरच्या आसपास. त्याला अटक झाली. मे महिन्यात न्यायाधीशांनी जे करायला हवं तेच केलं. हा तरुण खटल्याला तोंड देण्याच्या मनःस्थितीत नाही, याला सरकारी मनोरुग्णालयात हलवा, असा आदेश त्यांनी दिला.

आदेश निघाला, पण मिचेल जेलमध्येच राहिला. जून गेला, जुलै गेला. तो जेवेनासा झाला, औषधं घेईनासा झाला, डोळ्यांदेखत खंगत गेला. १९ ऑगस्टला तो कोठडीत मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनाच्या निष्कर्षात हृदयाची बिघडलेली लय आणि शरीराची झालेली पूर्ण झीज यांची नोंद आहे. पुढे राज्याने चौकशी केली तेव्हा कळलं की न्यायाधीशांचा आदेश मनोरुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्याने टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. तो नोंदवहीत चढलाच नव्हता. खणातले कागद बाहेर आले ते मिचेल गेल्यानंतर.

या गोष्टीत खुनी शोधायला गेलं तर सापडत नाही. पोलिसांनी चोरीच्या तक्रारीवर अटक केली, न्यायाधीशांनी आदेश दिला, कोर्टाने कागद पाठवला, पहारेकऱ्यांनी दारातून ताट आत सरकवलं. प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी आहे. आणि पाच डॉलरच्या खाऊसाठी पकडलेला तरुण चार महिन्यांत संपला. कोठडीतला मृत्यू म्हणजे पोलिसांची मारहाण, असं आपण गृहीत धरतो. तसंही घडतं, जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर साडेनऊ मिनिटं टेकलेला गुडघा २०२० मध्ये सगळ्या जगाने पाहिला. पण जेलमधले बहुतेक मृत्यू असे दिसत नाहीत. ते आत्महत्येचे असतात, हृदयविकाराचे असतात, दारू किंवा अमली पदार्थ एकदम बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाचे असतात, मधुमेह्याला वेळेवर इन्सुलिन न मिळाल्याचे असतात. २०१९ च्या त्या १,२०० मृत्यूंपैकी सुमारे ३० टक्के आत्महत्या होत्या.

पैसे भरा, घरी जा

पाच डॉलरच्या चोरीसाठी माणूस चार महिने आत का राहतो? याचं मोठं उत्तर जामिनात आहे.

अटक झाली की न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट एक रक्कम ठरवतो. ती भरली की माणूस घरी जातो आणि तारखांना हजर राहिला तर पैसे परत मिळतात. रक्कम नसेल तर जामिनाचा धंदा करणारा एजंट गाठायचा. त्याला साधारण दहा टक्के द्यायचे आणि ते परत मिळत नाहीत. नफ्यासाठी चालणारा हा जामिनाचा धंदा अमेरिका आणि फिलिपिन्स सोडून जगात जवळपास कुठेच नाही. दहा टक्केही जवळ नसतील तर माणूस आतच राहतो. टेक्सासच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, किरकोळ गुन्ह्यांतल्या आरोपींना जेलमधूनच व्हिडिओवर न्यायाधीशांपुढे उभं करत. नाव, आरोप, रक्कम, पुढचा. एक-दोन मिनिटांत सुनावणी आटपायची. माणसाच्या खिशात काय आहे, याची विचारपूस बहुतेकदा व्हायचीच नाही. २०१७ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. एकाच आरोपातल्या दोघांपैकी ज्याच्याकडे पैसे आहेत तो घरी आणि ज्याच्याकडे नाहीत तो आत, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडलं.

सँड्रा ब्लँडची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. वय २८. नवी नोकरी लागली म्हणून ती टेक्सासला आली होती. १० जुलै २०१५ ला लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून पोलिसाने तिची गाडी थांबवली. त्याने सिगारेट विझवायला सांगितली, तिने माझ्या गाडीत मी का विझवू, असं विचारलं आणि बघता बघता प्रकरण अटकेपर्यंत गेलं. जामीन ठरला ५,००० डॉलरचा. सुटकेसाठी लागणार होते ५०० डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या दराने साधारण ३२ हजार रुपये. घरचे पैशांची जुळवाजुळव करत असतानाच १३ जुलैला ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. आत्महत्या, असा निष्कर्ष निघाला. याआधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याची नोंद जेलमध्ये आणल्या दिवशीच्या प्रश्नावलीत होती. तरीही तिच्यावर वेगळी देखरेख ठेवली गेली नाही, आणि दर तासाला कोठडीशी जाऊन प्रत्यक्ष पाहण्याचा नियमही पाळला गेला नाही.

पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. कालपर्यंत घरात, नोकरीवर असलेला माणूस अचानक आत येतो. फोन काढून घेतलेला, औषधं काढून घेतलेली, मुलं शाळेतून कोणी आणली माहीत नाही, उद्या कामावर गेलो नाही तर काय होईल माहीत नाही. ज्याला व्यसन आहे त्याचं शरीर त्याच वेळी बंड करून उठतं. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान आपली तारीख ठाऊक असते. कच्च्या कैद्याला तीही नसते.

निर्दोष म्हणायची किंमत

मग लोक खटला लवकर चालवा, असं का म्हणत नाहीत? कारण खटला फारसा कुणाचा चालतच नाही. केंद्रीय न्यायालयांत खटला पूर्ण चालून निकाल लागतो तो शंभरात दोन-तीन प्रकरणांत. बाकी जवळपास सगळी प्रकरणं सौद्यात मिटतात. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, एवढी कमी शिक्षा घे. नाही म्हणालास तर सगळी कलमं लावतो. कोठडीत बसलेल्या माणसाला बहुतेकदा असंही सांगितलं जातं की आज कबूल केलंस तर आजच घरी जाशील.

हा दबाव किती टोकाला जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये आलं होतं. केंटकीतल्या पॉल हेजवर ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट चेकचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, मी पाच वर्षं मागतो. नाहीतर तुझे जुने दोन गुन्हे जोडून सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेजने खटला मागितला. त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सरकारी वकिलाचं वागणं घटनेत बसतं. आजही सौदे याच पायावर चालतात. निर्दोष असूनही लोक कबुली का देतात, हे मला या एका निकालातून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशातूनच कळलं नाही.

न्यूयॉर्कच्या कॅलीफ ब्राउडरने कबुली द्यायचं नाकारलं. मे २०१० मध्ये पाठीवरची बॅग चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. घरच्यांना ३,००० डॉलरचा जामीन भरता आला नाही. तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं राहिला आणि त्यातली जवळपास दोन वर्षं एकांतकोठडीत. तारीख पडायची, सरकारी वकील तयार नसायचे, पुन्हा तारीख पडायची. शेवटी त्याच्यापुढे प्रस्ताव आला: छोटा गुन्हा मान्य कर, आतापर्यंतची कैद शिक्षेत धरू, आज घरी जा. मी चोरी केलेली नाही, असं म्हणून तो परत कोठडीत गेला. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. खटला चाललाच नाही. दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, त्याने घरी स्वतःचं आयुष्य संपवलं.

इथे थोडं थांबून आपल्या लोकांशी बोलायचं आहे, कारण मराठी घरांतली कितीतरी मुलं आज तिकडे शिकत आहेत, नोकरी करत आहेत. जो अमेरिकेचा नागरिक नाही, त्याला अशी ‘कबूल कर आणि घरी जा’ची सही देशाबाहेर काढू शकते. म्हणूनच २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलावर बंधन घातलं की हद्दपारीचा धोका अशिलाला आधी समजावून सांगायचा. अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. तो आंतरराष्ट्रीय करारातून आलेला हक्क आहे आणि मागायला लाजू नये. घरच्यांनी वकिलाइतकंच तातडीने जेलच्या वैद्यकीय विभागाला गाठून कोणता आजार आहे, कोणती गोळी किती वाजता लागते, हे कळवावं. इमिग्रेशनच्या कोठड्यांचं तर आणखी वेगळं आहे. तिथली कैद कायद्याने शिक्षा मानलीच जात नाही, त्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यात या यंत्रणेच्या ताब्यात असताना भारतीय नागरिकांचे मृत्यू झाले आहेत.

डॉक्टर कोणाचा?

अमेरिकेत सर्वसामान्य माणसाला उपचाराचा घटनात्मक हक्क नाही, पण कैद्याला आहे. टेक्सासच्या एका कैद्याने केलेल्या दाव्याचा निकाल १९७६ मध्ये लागला. तुरुंगात काम करताना कापसाचा गठ्ठा अंगावर पडून त्याची पाठ दुखावली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला तुम्ही कोंडून ठेवलंय तो स्वतःहून दवाखान्यात जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षाच आहे. निकाल मोठा होता. दावा करणारा कैदी मात्र हरला. डॉक्टरांनी त्याला अनेकदा तपासलं होतं, तेवढं पुरेसं मानलं गेलं.

आजच्या सगळ्या अडचणीचं मूळ त्या ‘जाणूनबुजून’मध्ये आहे. नुसता हलगर्जीपणा सिद्ध करून भागत नाही. समोरच्या कर्मचाऱ्याला धोका प्रत्यक्ष माहीत होता आणि तरी त्याने पाठ फिरवली, हे बहुतेकदा दाखवावं लागतं. मला कळलंच नाही, हा बचाव त्यामुळे फार भक्कम होतो. बघायला गेलंच नाही, तर कळणार कुठून?

शिवाय उपचाराचं काम बऱ्याच काउंटींनी खासगी कंपन्यांना दिलेलं असतं, आणि अनेकदा ठरलेल्या रकमेत. त्या रकमेत जितकं कमी खर्चेल तितकं कंपनीला उरतं. कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचं तर गाडी हवी, दोन पहारेकरी हवेत, बिल वेगळं. गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना जेलमधल्या माणसाच्या उपचाराचा खर्च सहसा देत नाही. मग ‘सकाळी बघू’ असं म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं ठरतं.

कधी कधी मात्र दुर्लक्ष फार पुढे जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिलवॉकीच्या काउंटी जेलमध्ये टेरिल थॉमस या ३८ वर्षांच्या, बायपोलर आजार असलेल्या माणसाने कोठडीत पाणी तुंबवलं. पहारेकऱ्यांनी त्याच्या कोठडीचा पाणीपुरवठा बंद केला आणि तो पुन्हा सुरू केलाच नाही. सात दिवस. पाळ्या बदलत राहिल्या, माणसं दारावरून जात राहिली. तो शरीरातलं पाणी संपून मेला. तिथे काही कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि कुटुंबाला ६७ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

अशा भरपाया मिळतात, आणि रकमा मोठ्या असतात. मिचेलच्या कुटुंबाला ३० लाख डॉलर, ब्लँडच्या कुटुंबाला १९ लाख, ब्राउडरच्या कुटुंबाला ३३ लाख. पण हे पैसे काउंटीच्या किंवा शहराच्या तिजोरीतून नाहीतर विम्यातून जातात. ज्याने दार उघडलं नाही त्याच्या पगारातून सहसा काहीच कापलं जात नाही. शिवाय सरकारी नोकरांना एक कायदेशीर कवच आहे. अगदी याच प्रकारचं वागणं बेकायदा आहे, असं आधीच्या एखाद्या निकालात स्पष्ट झालेलं नसेल, तर दावा अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच फेटाळला जाऊ शकतो. जिवंत कैद्याला तर त्याआधी जेलच्या अंतर्गत तक्रार-पद्धतीच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. १९९६ च्या कायद्याने ते सक्तीचं केलं. तक्रारीची मुदत चुकली तर कोर्टाचं दार बंद.

किती मेले, हे तरी कळतं का?

कायदा म्हणतो की कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची माहिती केंद्राकडे यायला हवी. पहिला कायदा २००० चा, सुधारित कायदा २०१३ चा. २०१९ पर्यंत केंद्राचं सांख्यिकी खातं ही माहिती नेटाने गोळा करत होतं, म्हणूनच तो १,२०० चा आकडा आपल्याला ठाऊक आहे. मग हे काम दुसऱ्या खात्याकडे गेलं आणि घडी विस्कटली. २०२२ मध्ये सिनेटच्या चौकशी उपसमितीने सांगितलं की २०२१ या एका आर्थिक वर्षात ९९० मृत्यू सरकारी मोजणीत आलेच नव्हते. जे आले त्यांतल्या ७० टक्के नोंदी अपुऱ्या होत्या.

त्यात आणखी एक पळवाट आहे. अत्यवस्थ कैद्याला रुग्णालयातच कागदोपत्री ‘सोडून’ दिलं, की दुसऱ्या दिवशी होणारा मृत्यू कोठडीतला राहत नाही. ब्राउडर तर कुठल्याच यादीत बसत नाही. तो घरी मेला.

माणूस सरकारच्या ताब्यात असतो तेव्हा त्याच्या जेवणाची, पाण्याची, गोळ्यांची जबाबदारी पूर्णपणे सरकारची असते, कारण दुसरं कोणी ती घेऊच शकत नाही. त्या माणसाचा मृत्यू मोजायलाही चुकणं याला मी प्रशासकीय ढिसाळपणा म्हणायला तयार नाही. जे मोजलं जात नाही त्याचा जाब विचारता येत नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांनाही कळतं.

काय बदललंय

थोडं बदललंय, आणि ते सांगायला हवं. टेक्सासने २०१७ मध्ये ब्लँडच्या नावाने कायदा केला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी बाहेरच्या यंत्रणेने करायची आणि मानसिक आजाराची लक्षणं दिसली तर न्यायाधीशांना कळवायचं, असं त्यात आहे. न्यू जर्सीने २०१७ पासून पैशांचा जामीन जवळपास थांबवला. इलिनॉय सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी पुढे गेलं आणि तिथे पैशांचा जामीन पूर्ण रद्द झाला. आता न्यायाधीश ठरवतात की हा माणूस धोकादायक आहे का, पळून जाईल का; खिशात किती आहेत हा प्रश्नच उरत नाही. न्यूयॉर्क राज्याने एकांतकोठडीवर सलग १५ दिवसांची मर्यादा घातली. त्यामागे ब्राउडरचं मरण होतं, आणि ले-लीन पोलांकोचंही. ५०० डॉलरच्या जामिनासाठी अडकलेली २७ वर्षांची ही ट्रान्सजेंडर स्त्री जून २०१९ मध्ये रायकर्सवर फिट येऊन गेली. तिला फिट्सचा आजार आहे हे जेलला माहीत होतं, तरी तिला एकटीला कोंडलं होतं. दर १५ मिनिटांनी तिच्यावर नजर टाकण्याचा नियम होता. तो पाळला गेला नाही.

रायकर्स बंद करायचं, असं न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्येच ठरवलं आणि पुढे मुदत घातली ऑगस्ट २०२७ ची. २०२२ या एका वर्षात शहराच्या कोठड्यांत १९ जण गेले. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी कंटाळून तिथल्या कारभाराचे मोठे अधिकार शहराकडून काढून बाहेरच्या व्यवस्थापकाकडे द्यायचा आदेश दिला. बदली तुरुंगांची बांधकामं इतकी मागे पडली आहेत की २०२७ ची मुदत पाळली जाणं अशक्य दिसतं.